वाचकांचे प्रश्न : ऑफिसचा लॅपटॉप आणि त्याची स्क्रीन

लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक, डेलचे लॅटिट्यूड (आता डेल प्रो) अशा बिझनेस मालिकेतल्या लॅपटॉपबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. प्रोसेसर आणि रॅमची चौकशी सगळेच करतात. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा स्क्रीनपायी, म्हणून तिला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : १४ इंची लॅपटॉप घ्यायचा आहे. एकात १९२० × १२०० ची आयपीएस स्क्रीन आहे, दुसऱ्यात २८८० × १८०० ची ओएलईडी. किमतीत बराच फरक आहे. दिवसभर एक्सेल आणि टॅली चालते. रिझोल्यूशन जास्त म्हणजे शीटवर ओळीही जास्त दिसतील ना?
(सनदी लेखापाल, नाशिक)

नाही. उलट कमी दिसण्याचीच शक्यता जास्त.

स्क्रीनवर किती मजकूर मावतो हे रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलांची संख्या) आणि विंडोजचे स्केलिंग (अक्षरे-चित्रे किती पट मोठी दाखवायची ते प्रमाण) या दोन्हींवर ठरते. १४ इंचांत १९२० × १२०० म्हणजे इंचाला सुमारे १६२ पिक्सेल, आणि २८८० × १८०० म्हणजे सुमारे २४३. दुसऱ्या स्क्रीनवर स्केलिंग १०० टक्के ठेवले तर अक्षरे मुंगीएवढी होतील, म्हणून ते २०० टक्के ठेवावे लागते. मग कामाला उरणारी जागा रुंदीला आणि उंचीला निम्मी, म्हणजे १४४० × ९००. पहिली स्क्रीन १२५ टक्क्यांवर वापरली तर १५३६ × ९६० उरते. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेल उंचीची असते, म्हणजे महागड्या स्क्रीनवर तुम्हाला तीन ओळी कमी दिसतील. १७५ टक्के केले तर उंची सुमारे १०२९ होते आणि तीन ओळी वाढतात. डोळ्यांना ते अक्षर चालते का, हे दुकानातच स्वतःचे शीट उघडून पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग स्केल. दोन मिनिटांचे काम आहे, दुकानदाराने नाही म्हणायचे कारण नाही.

ओळी खऱ्या वाढतात त्या स्क्रीनच्या आकारामुळे. जुन्या १६:९ आकाराच्या १९२० × १०८० पेक्षा १६:१० मध्ये उभे १२० पिक्सेल जास्त मिळतात. १२५ टक्के स्केलिंगला त्या जवळजवळ पाच ओळी झाल्या. एक्सेलवाल्याने यासाठी पैसे जरूर मोजावेत.

ओएलईडीचे रंग आणि काळेपणा सुरेख असतो, यात वाद नाही. पण तिच्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र शीटवर ती जास्त वीज खाते. आयपीएसचा मागचा दिवा शीट पांढरे असो वा काळे, तेवढीच वीज घेतो. शिवाय टास्कबार आणि टॅलीची बटणपट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली की तिथे डाग धरण्याचा धोका असतो. घेतलीच तर टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा. आणखी एक तपासणी : ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा, फोनच्या कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवून स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर ती स्क्रीन उघडझाप करून उजेड कमी करते आहे. काहींना याने काहीच होत नाही, काहींचे संध्याकाळी डोके धरते.

तुमच्या कामाला १९२० × १२०० पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांत ४०० निट्सचे (निट हे उजळपणाचे माप) पॅनेल आणि ३२ जीबी रॅम बसते का पाहा. आणि हो, डिजिटल सहीचे टोकन अजून बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचेच (यूएसबी-ए) येते. लॅपटॉपला नुसते यूएसबी-सी पोर्ट असतील तर एक कनव्हर्टर बॅगेत कायमचा ठेवा, विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी शोधत बसू नका.

प्रश्न : मराठी मुद्रितशोधन करते. सध्याचा लॅपटॉप १४ इंची, १३६६ × ७६८ चा आहे. ‘शुद्ध’ आहे की ‘शुध्द’ हे झूम केल्याशिवाय कळत नाही. चष्मा तपासून झाला, नंबर बदललेला नाही.
(मुद्रितशोधक, कोल्हापूर)

दोष चष्म्याचा नाही. तुमच्या स्क्रीनवर इंचाला जेमतेम ११२ पिक्सेल आहेत. ११ पॉइंटचे अक्षर १०० टक्के स्केलिंगला सुमारे १५ पिक्सेलमध्ये बसवले जाते. रोमन लिपीचे तेवढ्यात भागते. देवनागरीला त्याच १५ पिक्सेलमध्ये शिरोरेघ, तिच्यावरच्या मात्रा आणि खालचे उकार हे सगळे कोंबावे लागते. ‘शर्तींमध्ये’ हा शब्द घ्या : ‘त’च्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, आणि त्या तिघांना मिळून तीन-चार पिक्सेल. त्यांचा एकच करडा ठिपका होणार, दुसरे काय! ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरकही असाच एकदोन पिक्सेलांत चेपला जातो.

तेव्हा पहिल्या प्रश्नात दिलेला सल्ला तुम्हाला लागू नाही. तुम्हाला जास्त रिझोल्यूशनचा खरा उपयोग आहे. २०० टक्के स्केलिंगला तेच ११ पॉइंटचे अक्षर सुमारे २९ पिक्सेल उंचीत आखले जाते आणि रफार-अनुस्वार सुटे दिसतात. १४ इंचांत २५६० × १६०० किंवा त्याहून जास्त पाहा. दोन पाने शेजारीशेजारी ठेवून ताडायची असतील, तर १०० टक्के झूमला ए-४ पानाची रुंदी ७९४ पिक्सेल असते; दोन पानांना सुमारे १६०० लागतात. २८८० रुंदीची स्क्रीन १७५ टक्क्यांवर ठेवली तर १६४६ मिळतात, म्हणजे काठोकाठ बसते.

नवा लॅपटॉप येईपर्यंत स्टार्ट मेनूत क्लिअरटाइप (अक्षरे स्पष्ट करणारी विंडोजची सोय) शोधा आणि त्याची पाच पायऱ्यांची जुळवणी करून घ्या. थोडा फरक पडतो.

एक अडचण आधीच सांगतो. जास्त रिझोल्यूशनवर जुने प्रोग्रॅम धुरकट दिसतात. पेजमेकर ७ हे २००१ सालचे, त्याला स्केलिंग ठाऊकच नाही, म्हणून विंडोज त्याचे चित्र नुसते ताणून मोठे करते. प्रोग्रॅमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे सगळ्यात खालच्या चौकोनात खूण करा आणि यादीतून ‘सिस्टीम (एन्हान्स्ड)’ निवडा. बऱ्याच प्रोग्रॅमांतली अक्षरे याने धारदार होतात, बटणांची चित्रे मात्र तशीच राहतात. मेनू वेडेवाकडे दिसू लागले तर यादीतले साधे ‘सिस्टीम’ निवडून पूर्ववत करा.

प्रश्न : सहकाऱ्याचा आणि माझा लॅपटॉप एकाच मॉडेलचा, एकाच कंपनीचा. त्याची स्क्रीन झगमगीत, माझ्यावर लाल रंग विटकरी दिसतो. माझा पीस डिफेक्टिव्ह आहे का?
(विपणन अधिकारी, ठाणे)

पीस चांगला आहे, पॅनेल स्वस्तातले आहे. बिझनेस मालिकेत एकाच मॉडेलनावाखाली तीन-चार तऱ्हेची पॅनेल विकली जातात. माहितीपत्रकावर सगळ्यांपुढे ‘फुल एचडी आयपीएस’ एवढेच मोठ्या अक्षरांत असते, आणि बारीक अक्षरांत असते ती खरी गोष्ट : ‘४५ टक्के एनटीएससी’ की ‘१०० टक्के एसआरजीबी’. स्क्रीन किती रंग दाखवू शकते ते सांगणारी ही दोन मापे. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग, आणि त्यात सगळ्यात आधी मार बसतो लाल रंगाला. ७२ टक्के एनटीएससी लिहिले असेल तर ते जवळपास पूर्ण एसआरजीबी धरा.

खात्री करायची असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटर्स, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि यादीतून हार्डवेअर आयडीज. तिथे तीन अक्षरे आणि चार खुणांचा कोड दिसेल. एयूओ, बीओई, एलजीडी, सीएमएन ही पॅनेल बनवणाऱ्यांची लघुनावे. दोघांचे कोड ताडून पाहा, वेगळे निघतील. पुढच्या खरेदीत कोटेशनवर मॉडेलनावाऐवजी पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या. लेनोव्होच्या पीएसआरईएफ या अधिकृत यादीत त्या नंबरावरून पॅनेलपर्यंत सगळे सापडते, आणि डेलचा सर्व्हिस टॅग त्यांच्या साइटवर घातला की कारखान्यातून निघतानाची जुळणी दिसते.

पॅनेल बदलता येते का? त्याच रिझोल्यूशनचे, तेवढ्याच पिनांचे आणि त्याच मापाचे असेल तर बहुधा येते. साध्या फुल एचडी पॅनेलचा जोड ३० पिनांचा असतो, ४के (३८४० × २१६०) आणि बऱ्याच टच पॅनेलचा ४० पिनांचा. तिथे केबलही बदलावी लागते, कधी झाकणसुद्धा. वॉरंटी चालू असताना हा उद्योग करू नये.

प्रश्न : २७ इंची ४के मॉनिटर यूएसबी-सी हबमधून जोडला. चित्र येते, पण माऊस अडखळत चालतो. नवा लॅपटॉप असूनही असे का?
(आर्किटेक्ट, पणजी)

मॉनिटर ६० ऐवजी ३० हर्ट्झवर चालला आहे, म्हणजे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलते. सेटिंग्ज, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे तो आकडा दिसेल.

यूएसबी-सीच्या वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबला यूएसबी ३ चा वेगही द्यायचा असल्याने तो दोन जोड्या यूएसबीला देतो आणि चित्राला दोनच उरतात. लॅपटॉपचे पोर्ट डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवण्याची पद्धत) १.२ चे असेल तर दोन जोड्यांतून ४के फक्त ३० हर्ट्झला जाते, १.४ असेल आणि हबही १.४ चा असेल तर ६० जमते. दुसरा संशयित हबमधले एचडीएमआय. स्वस्त हबांत ते १.४ चे असते, आणि त्याची ४के मर्यादा ३० हर्ट्झच आहे.

उपाय याच क्रमाने करा. लॅपटॉपला स्वतःचे एचडीएमआय २.० असेल तर केबल थेट त्यात लावा. नाहीतर हब मध्ये न घालता यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी एकच केबल घ्या. तिच्यात चारही जोड्या चित्राला मिळतात. मॉनिटर थेट यूएसबी-सीवर असेल तर त्याच्या स्वतःच्या मेनूत ‘हाय रिझोल्यूशन’ की ‘हाय डेटा स्पीड’ असा पर्याय असतो, त्यातला पहिला निवडा. हबच ठेवायचा असेल तर ‘४के’ एवढ्यावर भुलू नका, खोक्यावर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेले पाहा.

मॉनिटरची निवड मात्र छान झाली आहे. २७ इंची ४के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, म्हणजे १४ इंची १९२० × १२०० एवढेच. दोन्हीकडे स्केलिंग सारखे ठेवले तर खिडकी इकडून तिकडे नेताना लहानमोठी होणार नाही.

प्रश्न : आय-५ की आय-७?
(लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

इंटेलच्या १३व्या पिढीतले आय-५ १३३५यू आणि आय-७ १३५५यू हे प्रोसेसर उदाहरणादाखल पाहा : दोन्हींत दहा कोअर, दोन्हींत १२ एमबी कॅश, दोन्ही मुळात १५ वॉटचे. फरक कमाल वेगाचा, ४.६ आणि ५ गिगाहर्ट्झ. पातळ लॅपटॉप तापला की तोही टिकत नाही. नावाच्या शेवटचे अक्षर जास्त बोलते : या पिढीत यू म्हणजे साधारण १५ वॉट, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५.

आय-७ साठी जाणारे जास्तीचे पैसे रॅमकडे वळवा. ८ जीबीची एकच पट्टी असली की प्रोसेसरमध्ये इंटेलचे आयरिस एक्सई ग्राफिक्स असूनही विंडोज ते नुसते ‘यूएचडी’ म्हणून दाखवते आणि वेगही घटतो, कारण त्याला दोन चॅनेल, म्हणजे सहसा दोन पट्ट्या, लागतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी पाहा. ‘१ ऑफ २’ दिसले तर दुसरी पट्टी बसवता येईल. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसले तर रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली आहे, पुढे वाढणार नाही. कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत ती प्रोसेसरसोबतच येते, १६ किंवा ३२ जीबी. तिथे खरेदीच्या दिवशीच निर्णय घ्यावा लागतो.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजसाठी लॅमिंग्टन रोडवर वापरलेला थिंकपॅड टी४८० मिळतो आहे. काय तपासू?
(पालक, डोंबिवली)

मॉडेल चांगले आहे. २०१८ चे, प्रोसेसर बहुतेक इंटेलच्या ८व्या पिढीचा; तसा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. आधीचा टी४७० स्वस्त मिळाला तरी तो विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

टी४८० मध्ये १३६६ × ७६८ ची स्क्रीनही येत असे. ती असेल तर घेऊ नका. सुरू करताना एफ-१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये) जा. पासवर्ड मागितला तर उठून चालू लागा, तो दुकानदाराला काढता येणे कठीण. मग दुकानातल्या वायफायवर विंडोज रिसेट करायला लावा. रिसेटनंतर एखाद्या कंपनीच्या नावाचे लॉगिन आले, तर ते यंत्र जुन्या मालकाच्या ऑटोपायलट नोंदणीतून (कंपनीने आपली यंत्रे मायक्रोसॉफ्टकडे नोंदवण्याची सोय) सुटलेले नाही. वेळ लागतो, पण याशिवाय पैसे देऊ नयेत.

बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक खालून काढता येणारी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे रोमन लिपीत टाइप केले की अहवालाची फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

प्रश्न : स्क्रीन मॅट घ्यावी की चकचकीत?
(बँक कर्मचारी, सोलापूर)

तुमच्या पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असेल तर मॅट. टचस्क्रीन बहुधा चकचकीतच येते, तेवढे ध्यानात ठेवा.