घरात लहान मुलं असतील तर बंदूक कशी ठेवावी?

कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा गादीखाली ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. लपवलेली वस्तू मुलं शोधून काढतातच, आणि लहानग्यांच्या बोटांतही चाप ओढण्याइतकं बळ असू शकतं. बंदूक रिकामी करून कुलूपबंद तिजोरीत ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) काढलं तरी एखादी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, राहू शकते, म्हणून चेंबर उघडून डोळ्यांनी बघा. किल्ली किंवा कोड मुलांना अजिबात कळू देऊ नका. वाढदिवसाची तारीख तर नकोच.

‘हात लावू नकोस’ एवढ्या समजावण्यावर कृपया विसंबू नका. आणि घरातलं किशोरवयीन मूल खूप निराश, गप्पगप्प वाटत असेल, तर त्या काळात बंदूक कायदेशीर मार्गाने घराबाहेरच ठेवा.