‘जीव घाबरणे’ म्हणजे चिंता काय?

अमळनेरच्या एका भगिनींनी विचारले आहे की, सासूबाई अहिराणीत ‘मना जीव घाबरस’ म्हणतात, ते दवाखान्यात सांगताना ‘त्यांना चिंता वाटते’ असे म्हटले तर चालेल काय. माझ्या मते चालणार नाही.

‘जीव घाबरणे’ हा प्रयोग आधी शरीराविषयी बोलतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो. धोक्याची चाहूल लागताच मेंदूचा इशारा मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो, त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि पचनसंस्थेकडचे रक्त स्नायूंकडे वळते. लढण्याची किंवा पळण्याची ही शारीरिक तयारी अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडली.

‘चिंता’ मात्र ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आलेली, ‘चिंतना’ची सख्खी बहीण आहे. रावेर-यावल पट्ट्यात घड धरलेल्या केळीच्या बागेत उभे असताना वादळ सुटले आणि डोळ्यांदेखत खांब आडवे होऊ लागले, तर शेतकऱ्याचा जीव घाबरतो. आभाळ निरभ्र असताना, अंथरुणावर पडल्या पडल्या ‘यंदाही वादळ आले तर कर्ज कसे फिटणार’ हा विचार डोळ्याला डोळा लागू देत नाही, ती चिंता. त्या विचारानेही शरीराची तीच यंत्रणा जागी होते, पण समोर लढायला कोणी नसते आणि पळायला वाट नसते, म्हणून धडधड लवकर शमत नाही. पुढे त्या धडधडीचीच धास्ती बसते आणि चिंता आणखी वाढते. दोन्ही शब्दांची गल्लत होते ती याच फेऱ्यामुळे. (‘काळजी’चे नाते ‘काळजा’शी सांगतात, म्हणजे तिथेही मन आणि शरीर जवळजवळच आहेत.)

तरीही शब्दांची अदलाबदल करू नये, कारण मनात कसलीही चिंता नसताना रक्तातील साखर उतरल्याने, थायरॉइड ग्रंथीचे काम वाढल्याने, पंडुरोगाने (रक्तक्षयाने) किंवा हृदयविकारानेही जीव घाबरतो. विशेषतः छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर ‘चिंता’ हा शब्द ऐकणाऱ्याला चुकीच्या दिशेने नेऊ शकतो. तेव्हा सासूबाईंचे वाक्य जसेच्या तसे सांगावे, ते केव्हा होते, किती वेळ टिकते आणि सोबत आणखी काय होते तेही सांगावे. आणि कसला तरी घोर लागला आहे असे त्या स्वतः म्हणाल्या, तरच ‘चिंता’ हा शब्द जोडावा.