भिंत बंद होण्याआधी : ओव्हन गॅसचा की विजेचा?

प्रश्न : आमच्या नव्या घराचं काम चालू आहे. विटकाम झालंय, लवकरच प्लॅस्टर सुरू होईल. स्वयंपाकघरात मला कपाटात बसवायचा मोठा ओव्हन हवा आहे. ब्रेड आणि केक मी नेहमीच करते, अधूनमधून चिकन आणि भाज्या भाजते. मोठ्या जाऊबाई बरीच वर्षं गॅसचा ओव्हन वापरतात. त्यांच्या मते गॅसची आच वेगळीच आणि वीज गेली तरी काम अडत नाही. नवऱ्याला विजेचा सुटसुटीत वाटतो. इलेक्ट्रिशियन रोज विचारतो, "ताई, ओव्हनचा पॉइंट टाकायचा की नाही?" त्याला काय सांगू?
— एक वाचक

उत्तर : त्याला सांगा, टाका. ओव्हन ठरेपर्यंत थांबू नका. उद्या तुम्ही गॅसचा ओव्हन घेतलात तरी आतला दिवा, ठिणगी आणि असला तर पंखा यांना वीज लागतेच. भिंत बंद झाल्यावर मात्र जाड वायर ओढायची म्हणजे टाइल्स फोडणं आलं.

पण नुसता 'पॉइंट' म्हणून भागत नाही. तुम्हाला हवा तेवढा विजेचा ओव्हन साधारण २००० ते ३५०० वॅट ओढतो. २३० व्होल्टवर ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर, आणि तेही तास-तासभर. म्हणून मुख्य बोर्डापासून थेट वेगळी लाइन मागा : ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग. फ्रिजच्या किंवा मिक्सरच्या लाइनवरून फाटा काढू देऊ नका. आणखी एक, स्विच ओव्हनच्या मागे नको, बाजूला हात पोचेल असा हवा. मागे असला तर अडचणीच्या वेळी अख्खा ओव्हन ओढून काढावा लागेल.

आता ओव्हनबद्दल. तुम्ही ब्रेड आणि केक नेहमी करता असं लिहिलंय, त्यावरून माझं मत स्पष्ट आहे : शेगडी गॅसची ठेवा, ओव्हन विजेचा घ्या.

जाऊबाई म्हणतात ते खोटं नाही. गॅसची आच खरंच वेगळी असते आणि तिचं कारण पाणी आहे. गॅस जळला की वाफ तयार होते. १ किलो मिथेन (पाइपच्या गॅसमधला मुख्य वायू) जळला तर सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होतं, सिलिंडरच्या गॅसमधून त्याहून कमी. माझ्या बेकिंगच्या वर्गात दोन्ही ओव्हन शेजारी शेजारी आहेत. गार ओव्हन पेटवला की गॅसवाल्याची काच थोड्या वेळात आतून धूसर होते, विजेवाल्याची तशीच स्वच्छ राहते. या दमट उष्णतेत चिकन वरून पटकन कोरडं पडत नाही. जाऊबाईंना आवडते ती चव तिथली असावी.

ब्रेडचं गणित मात्र वेगळं. भाजायला सुरुवात होते तेव्हाची पहिली १०-१५ मिनिटं ब्रेडला भरपूर वाफ हवी असते, म्हणजे वरची साल लवकर कडक होत नाही आणि लादीला पुरेसं फुगता येतं. त्यानंतर हवी असते कडक कोरडी उष्णता, तरच सालीला रंग आणि कुरकुरीतपणा येतो. तुम्ही म्हणाल, मग गॅसमध्ये वाफ आयतीच मिळते की! मिळते, पण टिकत नाही. ज्योतीला सतत ताजी हवा लागते, म्हणून गॅसच्या ओव्हनला हवा येण्या-जाण्याच्या वाटा ठेवाव्याच लागतात. तुम्ही खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतून केलेली वाफ त्याच वाटेने निघून जाते. आणि पुढे कोरडेपणा हवा असतो तेव्हा ज्योत ओलावा सोडतच राहते. विजेचा ओव्हन बराच बंदिस्त असतो. वाफ आत राहते, आणि नको झाली की तुम्ही दार क्षणभर उघडून सोडून देता. तिची सूत्रं तुमच्या हातात असतात. एकाच पिठाच्या दोन लाद्या दोन्हीकडे भाजल्या की गॅसमधली वरून फिकी आणि मऊ, तर बुडाला गडद निघते. पुष्कळांना मऊ सालच आवडते, त्यांना गॅसचा ओव्हन चालेल. कडक सालीचा ब्रेड करणाऱ्याला तो झुंजवतो.

बूड गडद होतं कारण बर्नर खाली असतो. गरम हवा वर चढते, म्हणून वरच्या कप्प्यात आच जास्त. दोन ट्रे एकदम लावले तर मध्येच अदलाबदल करावी लागते. विजेच्या ओव्हनमध्ये वरची आणि खालची कॉइल वेगवेगळी चालवता येते, आणि पंखा असला तर दोन ट्रे जवळपास सारखे भाजले जातात. पंखा चालू असेल तेव्हा तापमान कृतीत दिल्यापेक्षा २० अंशांनी कमी ठेवा. मंद आचेचाही प्रश्न आहे. गॅसचे पुष्कळ ओव्हन १४० अंशांच्या खाली स्थिर राहत नाहीत, कारण ज्योत त्याहून बारीक करता येत नाही. मेरिंग (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून केलेला पदार्थ) सुकवायला तर ९०-१०० अंशच लागतात.

वीज जाण्याबद्दल जाऊबाईंचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. काडीने पेटणारा आणि साध्या थर्मोस्टॅटचा गॅस ओव्हन विजेशिवाय चालतो. पण काही ओव्हनमध्ये एक कांडी विजेने लाल तापते आणि ती तापल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. तो वीज गेली की बंद. तुमच्याकडे वीज रोजच तासन्‌तास जात असेल तर माझं वरचं मत बदलेल. मग गॅसचाच घ्या, पण आधी विचारून घ्या की वीज नसताना तो पेटतो का.

गॅसचा घेतलात तर एका गोष्टीवर अजिबात तडजोड करू नका : ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय. शेगडीची ज्योत विझली तर दिसते, ओव्हनची बंद दाराआड असते. या सोयीत ज्योतीजवळ एक थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारं टोक, असतं. ते गरम असेपर्यंतच व्हॉल्व्ह उघडा राहतो. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो तो त्यासाठीच. स्वयंपाकघरात उघडणारी खिडकी किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. ज्योत निळी असावी. पिवळी आणि काजळी धरणारी दिसली की ओव्हन बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा, कारण अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. निळ्या ज्योतीतूनही श्वासाला त्रासदायक नायट्रोजन डायऑक्साइड निघतोच. घरात कुणाला दमा असेल तर माझ्या दृष्टीने गॅसचा ओव्हन बाद.

आज सिलिंडर आणि पुढे पाइपचा गॅस येणार असेल तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलावे लागतील. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात सुमारे अडीचपट ऊर्जा असते, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक. दुसऱ्या गॅसचे जेट त्या मॉडेलला मिळतात का, हे पैसे देण्याआधीच विचारा.

खर्चाचा बाऊ करू नका. कॉइल सतत पेटलेली नसते, तापमान गाठलं की बंद-चालू होत राहते. १८० अंशांवर तासभराच्या भाजण्याला साधारण एका युनिटच्या आसपास वीज लागते. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा.

सुताराला माप देण्याआधी ओव्हनचं मॉडेल नक्की करा. रुंदी बहुतेकांची ६० सेंटिमीटरच्या आत बसते, पण मागे आणि वर हवेसाठी किती जागा सोडायची हे कंपनीच्या कागदावर असतं, आणि सुतार तो कागद मागत नाही. तुमचा सर्वांत मोठा ट्रे दुकानात घेऊन जा आणि दार लावून बघा.

ओव्हन बसला की केक लावण्याआधी एक काम करा. ब्रेडच्या स्लाइस जाळीवर शेजारी शेजारी मांडा, पंखा बंद ठेवून १८० अंशांवर भाजा आणि रंग बघा. मागचा कोपरा थोडा गडद झाला तर काळजी नको, मध्ये एकदा ट्रे फिरवत जा. पण एक अख्खी बाजू पांढरी राहिली तर फोटो काढा आणि वॉरंटीत असतानाच मेकॅनिकला बोलवा.