घाई नको, मार्कपासून सुरुवात कर

बाळा, रोज बायबलचे पाच अध्याय वाचायचा नेम तू धरलायस, पण एवढ्या घाईत वचन आत उतरत नाही. मार्ककृत शुभवर्तमान घे, येशूच्या जीवनाची ती कथा. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान. रोज एकच प्रसंग वाच, तोही मोठ्याने. दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय बघ. लोक दटावतात, तसा तो आणखीच ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? तिथे तूही थांब. तुझं उत्तर वहीत लिही. तीच त्या दिवसाची प्रार्थना.

इथे इंदूरला तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना हिंदीत होते, तिथे मनापासून गा. पण एकटा असशील तेव्हा मराठीतच प्रार्थना कर, आजीशी बोलतोस तशी, साधी. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी मंडळीला किती गोड भक्तिगीतं दिली! त्यातलं एखादं पाठ कर, राजवाड्याकडे जाताना सिटी बसमध्येही मनात म्हणता येतं.

मन कोरडं पडेल, पडतंच. तेव्हा बायबलमधलं स्तोत्र १३ वाच, ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं विचारणारं. देवाकडे अशी सरळ तक्रार करायची मुभा आपल्याला आहे.

उपवासाचं पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारून ठरव. त्याआधी भावाशी धरलेला अबोला सोड. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, प्रभूनं स्पष्ट सांगितलंय, अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी समेट कर. प्रभुभोजनाच्या रविवारची वाट बघू नकोस, आजच त्याला फोन लाव.