वाचक विचारतात: खमीर, मान्ना आणि मध

प्रश्न: आमच्या अभ्यासवर्गात ‘खमीर (कणीक फुगवणारं आंबवण) म्हणजे पाप’ असं शिकवतात. मग बायबलमधल्या मत्तय १३:३३ मध्ये येशू स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा कशी देतो?

उत्तर: हे समीकरण आधी सोडून द्या. लेवीय २३:१७ काढून बघा. पन्नासाव्या दिवशीच्या सणाला परमेश्वरापुढे ज्या दोन भाकरी आणायच्या, त्या खमीर घालूनच भाजायच्या आहेत. खमीर म्हणजे पापच असतं, तर ही आज्ञा निघालीच नसती.

खमीर वापरायचे कसे, ते कळलं की अर्थ आपोआप उलगडतो. आंबलेल्या कणकेतला एक गोळा राखून ठेवायचा, तो पुढच्या कणकेत मळायचा आणि भाजण्याआधी पुन्हा एक गोळा काढून ठेवायचा. त्यामुळे आजच्या भाकरीत कित्येक जुन्या दिवसांचा अंश उतरलेला असतो. निर्गम १२:१५ नुसार वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या वेळी सात दिवस घरात खमीर ठेवायचं नाही. ही साखळी तिथे तुटते आणि नंतर पीठ भिजवून नव्याने आंबवावं लागतं. इस्राएल लोक मिसरातून घाईने निघताना कणीक फुगायला सवड मिळाली नाही, ही आठवण तर आहेच; पण जुन्याचा शेवटचा गोळासुद्धा सोबत न्यायचा नाही, हा अर्थ मला जास्त मोलाचा वाटतो. १ करिंथ ५:७ मध्ये प्रेषित पौलाचा रोख त्या जुन्या गोळ्यावरच आहे.

मत्तयातल्या दाखल्यात पाहायचं ते भिनणं. तीन मापं पीठ म्हणजे वीस लिटरहून जास्त. घरच्या एका जेवणाला इतकं कोणी मळत नाही. एवढ्या पिठात लपवलेलं थोडंसं खमीर सगळं फुगवतं. लूक १२:१ मध्ये परूश्यांचं (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचं) ढोंगही असंच भिनतं. तेव्हा प्रत्येक उताऱ्यात काय भिनतंय आणि कशात, एवढं विचारा.

प्रश्न: मान्ना हे नेमकं कशाचं प्रतीक? साठवलेल्या मान्नात किडे का पडले?

उत्तर: मान्ना म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणारं अन्न. पण ‘आकाशातून पडलेली भाकर’ एवढ्यावर थांबलं की निर्गम १६ मधला बराचसा तपशील हातातून सुटतो. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. गोळा करायचं ते सकाळीच, कारण ऊन चढलं की ते वितळे. सकाळपर्यंत काही उरवायचं नाही, असं त्यांचा पुढारी मोशे याने बजावलं होतं; ज्यांनी उरवलं त्यांच्या मान्नात किडे पडले, घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर मिळाले आणि शब्बाथापर्यंत, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसापर्यंत ते नासले नाहीत. म्हणजे दोष ठेवण्यात नव्हता. उद्याही मिळेल यावर विसंबायला लोक तयार नव्हते, किडे पडले ते तिथे. शब्बाथाला विसावा घेणं हासुद्धा त्याच विश्वासाचा भाग.

वचन १८ वर जरा जास्त थांबा. ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. २ करिंथ ८:१५ मध्ये पौल हेच वचन गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी मागताना वापरतो. म्हणून मान्नावरचा धडा घेताना वाटून खाण्याचा मुद्दा गाळू नका.

योहान ६ शी ताडून पाहताना लोक गोंधळतात: तिथे पाच जवाच्या भाकरी मोडल्यावर उरलेले तुकडे फुकट जाऊ नयेत म्हणून गोळा करायला सांगितलं, बारा टोपल्या भरल्या. मान्ना राखून ठेवण्यामागे उद्याची धास्ती होती. इथे सगळे पोटभर जेवल्यावर उरलेलं जपायचं आहे.

प्रश्न: मध इतका चांगला, तर अर्पणात त्याला बंदी का?

उत्तर: लेवीय २:११ अग्नीत जाळायच्या अर्पणात खमीर आणि मध दोन्ही मना करतं, कारण तिथे दिलेलं नाही. पुष्कळ भाष्यकार आंबण्याकडे बोट दाखवतात, कारण लगेच वचन १३ मध्ये प्रत्येक अन्नार्पणाला मीठ सक्तीचं आहे, आणि मीठ नासू देत नाही. गणना १८:१९ मधला ‘मिठाचा करार’ याच टिकाऊपणावरून समजतो. पण याचा अर्थ मध वाईट असा काढू नका: देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या वचनदत्त देशाची ओळख दुधामधानेच होते, आणि नीतिसूत्रे २५:१६ सांगतं की मध सापडला तर पुरेल तेवढाच खा, नाहीतर ओकशील.