घोड्यावरचे माकड आणि वरचे वटवाघूळ : अकीकाच्या कुपीचा अर्थ

आपला प्रश्न असा आहे की, आजोबांच्या संग्रहातल्या करड्या अकीकाच्या (अ‍ॅगेट या कठीण दगडाच्या) चिनी तपकीर-कुपीवर घोड्यावर बसलेले माकड आणि त्याच्या वर वटवाघूळ कोरलेले आहे; त्याचा अर्थ काय, आणि वटवाघूळ आपल्याकडे अशुभ मानतात, तर ही कुपी घरात ठेवावी का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : निर्धास्त ठेवावी. चीनमध्ये वटवाघूळ हे सौभाग्याचे चिन्ह आहे, आणि त्याचे मुख्य कारण त्याच्या रूपात नसून नावात आहे.

चिनी भाषेत उच्चार एक आणि लेखन व अर्थ वेगळे, असे शब्द विपुल आहेत. वटवाघळाच्या नावातला ‘फू’ आणि सौभाग्यवाचक ‘फू’ कानाला सारखेच लागतात, म्हणून सौभाग्य कोरायचे झाले की कारागीर वटवाघूळ कोरत असे. पाच वटवाघळे एकत्र दिसली, तर ती दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पूर्ण करून आलेले मरण, अशी पाच सुखे समजावीत. वटवाघूळ डोके खाली करून असेल, तर ‘उलटे’ आणि ‘आले’ या शब्दांच्या सारख्या उच्चारामुळे ‘सौभाग्य आले’ असा अर्थ होतो. थोडक्यात, ही चित्रे डोळ्यांनी पाहून कानांनी वाचायची असतात.

आता माकडाकडे वळू. ‘मा-शांग’ म्हणजे घोड्यावर, आणि त्याच शब्दांचा दुसरा अर्थ ताबडतोब. माकड म्हणजे ‘हौ’, आणि ‘हौ’ ही सरदारकीची एक पदवीही आहे. म्हणजे ज्याला ही कुपी भेट मिळाली, त्याला लवकरच मोठे पद मिळो, अशी ही शुभेच्छा आहे. बढतीच्या शुभेच्छा माकडाच्या हस्ते पाठवलेल्या आपल्याकडे कुणी गोड मानून घेणार नाही, पण छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीतल्या अधिकाऱ्याला त्यात सन्मानच वाटला असता. या योजनेत बहुधा मधमाशीही असते, कारण तिच्या नावातला ‘फंग’ पदवी बहाल करणे या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येतो. माकडाच्या डोक्याजवळ एखादा ठिपक्याएवढा उंचवटा आहे का, ते भिंगाखाली पाहावे. असे ठिपके अनेकदा दगडातला दोष समजून दुर्लक्षिले जातात.

सगळीच चिन्हे अशा उच्चारसाम्यातून आलेली नाहीत. पीच, सारस आणि पाइन यांचा दीर्घायुष्याशी संबंध कथांतून आणि निसर्गनिरीक्षणातून आला. डाळिंब संततीचे चिन्ह झाले ते त्यातल्या दाण्यांमुळे.

मला मात्र या कुप्यांचे खरे मोल अर्थाइतकेच दगडाच्या वापरात दिसते. आपल्या छायाचित्रात माकड आणि घोडा तांबूस-तपकिरी आहेत, तर बाकीची कुपी करडी आणि अर्धपारदर्शक. हा रंग लावलेला नसून दगडाचाच असावा : नैसर्गिक डाग कुठे आणि किती खोल गेला आहे हे जोखून कारागीर त्यातच आकृती बसवत असे, आणि डागाभोवतीचा करडा थर झिजवून ती उठावात आणत असे. चीनमधल्या सूचौ शहराच्या शैलीतल्या कुप्या या कौशल्यासाठी विशेष नावाजलेल्या आहेत. अकीक पोलादापेक्षा कठीण असल्यामुळे तो छिन्नीने कोरता येत नाही. फिरत्या चकतीवर पाणी आणि कठीण खनिजाची पूड घालून तो हळूहळू घासावा लागतो. आतली पोकळी तर त्या अरुंद तोंडातून वाकडी हत्यारे घालूनच करायची. म्हणून कुपी हातात घेतल्यावर आकारमानाच्या मानाने हलकी लागते का, आणि उजेडासमोर धरल्यावर खांद्यापाशीही भिंत पातळ दिसते का, हे मी नक्षीच्या आधी पाहतो. उत्तम पोखरलेल्या काही कुप्या पाण्यावर तरंगतातही, पण तो प्रयोग आपण करू नये, असे सुचवीन.

वयाविषयी मात्र चिन्हांवरून काहीच ठरवू नये. युरोपीय लोकांबरोबर चीनमध्ये पोहोचलेली तपकीर छिंग दरबारात औषधी म्हणून रुजली आणि अठराव्या शतकात या कुप्यांची कला बहरली, हे खरे. परंतु 1911-12 मध्ये राजवट संपल्यावरही संग्राहकांसाठी हीच माकडे आणि हीच वटवाघळे कोरली जात राहिली. तेव्हा तोंडाची कड, तळ आणि उजेडासमोर धरलेली कुपी, अशी तीन छायाचित्रे पाठवावीत. बुचाला आतून छोटा चमचा जोडलेला असेल, तर त्याचेही पाठवावे. बुचे मात्र वारंवार बदललेली असतात, त्यामुळे त्यावर मी फारसा भर देणार नाही.