पोलिसांनी हटकलं तर

मरीन ड्राइव्हवर हवालदारांनी हटकलं म्हणून कॅमेरा कपाटात टाकू नकोस. रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. पण कुलाब्यात नौदलाच्या भिंतीकडे लेन्स वळवलीस, तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आडवा येऊ शकतो. तिथे वाद घालूच नकोस. सीएसएमटीची इमारत रस्त्यापलीकडून खुशाल टिप, फलाटावर मात्र रेल्वेचे नियम लागतात.

कोणी थांबवलं की आधी कॅमेरा खाली घे. "नमस्कार साहेब" म्हण, ओळखपत्र दाखव, कशाचे फोटो काढतोयस ते सरळ सांग आणि स्क्रीनवर दाखवही. पळू नकोस, आवाज चढवू नकोस. मी पहिल्यांदा घाबरून, कोणी सांगायच्या आतच सगळे फोटो पुसून टाकले होते. दादरच्या फुलबाजारातली पहाट होती ती, अजून हळहळ वाटते. कॅमेरा जप्तच करतो म्हणाले, तर शांतपणे पंचनाम्याची प्रत माग.

आणि ट्रायपॉड! पोलिसांची नजर सगळ्यात आधी त्याच्यावरच जाते. सुरुवातीचे काही महिने तो घरीच ठेव.